बोहाडा: मुखवटा भिंतीवर आला, सोंग कुठे राहिलं?

दाभोसा

जव्हार-मोखाड्याकडचे मुखवटे हल्ली पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत, हॉटेलांत, लोकांच्या दिवाणखान्यांत दिसायला लागलेत. बघून बरं वाटतं. पण खाली 'आदिवासी मुखवटा' एवढीच चिठ्ठी. कुठल्या सोंगाचा, ते सोंग कोणत्या रात्री निघतं, कुणाच्या घरात असतं, यातलं काही नाही. म्हणून हा धागा काढलाय. ज्यांनी बोहाडा, म्हणजे मुखवटे लावून देव-दैत्यांची सोंगं नाचवायचा आमच्याकडचा रात्रीचा उत्सव, पाहिलाय, ज्यांच्या घरात सोंग आहे, त्यांनी लिहावं. मुखवटा भिंतीवर लावायला माझी हरकत नाही. मात्र ज्या घराला तो नाचवायचा मान आहे ते घर विसरून नुसता मुखवटा जपला, तर बोहाडा जपल्यासारखं होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

मी मोखाडा तालुक्यातली, आता नाशकात असते. ज्यांनी नावही ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. होळी झाली की पावसाच्या तोंडापर्यंत, मुख्यतः चैत्र-वैशाखात, पालघर जिल्ह्यातले जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि नाशिकमधले पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्यात गावोगावी बोहाडे होतात. कोकणा, वारली, महादेव कोळी, म ठाकूर असे सगळे समाज यात असतात. कुठे तीन रात्री, कुठे पाच, कुठे सात. ग्रामदेवीच्या नावाने होतो. पाऊस वेळेवर यावा, नाचणी-वरई-भात पिकावं, रोगराई टळावी, हे मागणं.

हे दिवस ठरण्यामागे आमच्याकडच्या जगण्याचं गणित आहे. भातकापणी उरकून दिवाळी झाली की कितीतरी घरं कुलूप लावून भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. होळीला माणसं परततात. पुढे जूनमध्ये पेरणी आणि मग आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की मान वर करायला फुरसत नसते. मधले हे दिवस सगळा गाव एका जागी असतो, तेव्हाच सोंगं निघू शकतात.

आता खुद्द बोहाड्याविषयी. देवळापासून गावाच्या मधल्या वाटेवर दोन्ही बाजूंना माणसं बसतात, मध्ये नाचायला जागा. पूर्वी टेंभे आणि मशालीच असायच्या. संबळ आणि सनई सुरू होते. पहिलं सोंग गणपतीचं, मग मोरावर बसलेली सरस्वती. त्याशिवाय पुढे काही नाही. मग रात्र चढत जाते तशी रामायण-महाभारतातली आणि पुराणांतली सोंगं निघतात: मारुती, राम-लक्ष्मण, रावण, त्राटिका, भीम, नरसिंह, खंडेराव, वेताळ. मोठा बोहाडा शेवटच्या रात्री. त्या पहाटे जगदंबा निघते, महिषासुराशी तिचं युद्ध होतं.

आमच्या मामांच्या घरात त्राटिकेचं सोंग आहे. आजोबा नाचले, मग मामा, आता मामांचा मुलगा नाचतो. गावात दुसरं कुणी त्राटिका होत नाही, कितीही चांगलं नाचत असलं तरी. मुखवटा वर्षभर घरात कापडात गुंडाळून आढ्याखाली ठेवलेला असतो. बोहाड्याच्या दिवशी मामी तो खाली उतरवते, हळद-कुंकू वाहते, नारळ फुटतो. मग मामा डोक्याला आधी जुन्या धोतराचा जाड फेटा गुंडाळायचे, कारण मुखवट्याची कड कपाळाला आणि कानामागे कापते. त्यावर मुखवटा, मग सुती दोरी हनुवटीखालून आणि मागून आवळायची. मुखवट्याला मोठे रंगवलेले डोळे असतात, पण त्यातून माणसाला दिसत नाही. बघायची फट खाली, तोंडाच्या जागी असते, तिच्यातून फक्त पायापुढची हातभर जमीन दिसते. म्हणून दोन्ही बाजूंना दोन माणसं चालतात. बाकी सगळं कानावर. संबळ पुढे नेतो, संबळ फिरवतो, संबळ थांबवतो. मारुतीचा ठेका वेगळा, रावणाचा वेगळा, देवीचा तर ऐकताक्षणी कळतो, बसलेली माणसं उठून उभी राहतात.

बाकीच्यांनी भर घालावी.

मनमोकळी

दाभोसाताई, खूप आभार. मी पुण्याची. क्वीन्स गार्डनजवळच्या आदिवासी संग्रहालयात मुखवटे पाहिले होते, तेव्हापासून कुतूहल आहे. मागच्या वर्षी एका प्रदर्शनातून एक लाल चेहऱ्याचा मुखवटा घेतला, दातांचे सुळे बाहेर आलेले. विकणाऱ्याला विचारलं तर 'राक्षस आहे' एवढंच सांगितलं. तुमचं वाचून विचारावंसं वाटतंय, असा मुखवटा विकत घेणं तुमच्याकडच्या लोकांना खटकतं का? कुणाच्या घरातला मान आपण उचलून आणला, असं तर होत नाही ना?

दाभोसा

मनमोकळी, विचारलंत हे फार चांगलं केलंत. विकायला येतात ते बहुतेक विकण्यासाठीच केलेले असतात. जव्हारकडे, रामखिंडीच्या बाजूला, कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणारे कारागीर आहेत. पूजेतला, नाचलेला मुखवटा घर सहसा हातचा सोडत नाही. अडचणीपायी एखादा जुना लाकडी मुखवटा व्यापाऱ्याच्या हाती गेल्याचंही ऐकते, आणि तेव्हा पोटात तुटतं. त्या घरचं सोंग त्याच्याबरोबर गेलं असं होऊ शकतं.

जुने मुखवटे लाकडी. दिसायला देखणे, पण वजन मानेवर. आता बहुतेक कागदाचे. आधी मातीचा चेहरा घडवतात, तो सुकला की त्यावर भिजवलेल्या कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवतात. एक थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, घाई केली की आतून ओल राहते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. पुरेसे थर झाले की मातीवरून कवच सोडवून घ्यायचं, पांढऱ्याचा हात द्यायचा, मग रंग. नाक, भुवया, सुळे हे लगद्याने उचलून काढतात. नाचायच्या मुखवट्यात आणि शोभेच्या मुखवट्यात फरक शोधायचा असेल तर आत बघा. नाचायच्या मुखवट्याला दोरीसाठी भोकं आणि बघायची फट असते, कड जाड असते. शोभेचा आतून सपाट आणि लहान असतो.

घेताना थेट कारागिराकडून घ्या, त्याचं नाव विचारा, सोंगाचं नाव विचारून मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. तुमचा फोटो टाका इथे, कुणीतरी ओळखेल.

सुरगाणकर

ताईंनी छान लिहिलंय. आमच्या सुरगाणा-पेठेकडे भवाडा म्हणतात, भोवाडा पण म्हणतात. खाली नाशिकच्या सपाटीच्या गावांत आखाडी. पलीकडे गुजरातमध्ये डांगातही आपली कोकणा माणसं भवाडा करतात, आमची सोयरीक तिकडे असल्याने जाणं होतं. नावं बदलतात, पण लोक एकमेकांना विचारतात ते सगळीकडे एकच: "आज कोणकोणती सोंगं हायेत?"

मला संबळवाल्यांबद्दल लिहायचंय. मुखवट्याचं कौतुक होतं, फोटो मुखवट्याचा निघतो. पण सोंग नाचतं ते संबळावर. आमच्या गावाला पूर्वी जवळच्याच पाड्यावरचे संबळवाले यायचे. त्यातले म्हातारे गेले, पोरं मजुरीला लागली. आता संबळवाले लांबून आणावे लागतात, एकाच रात्री तीन गावांना तेच हवे असतात. संबळाची दोन्ही तोंडं वेगळी बोलतात, एक बारीक, एक घुमणारं. वाकड्या काठीने घुमणाऱ्यावर मारतात. हे रात्रभर, कमरेला बांधून, उभ्याने. ज्याला सगळ्या सोंगांचे ठेके येतात असा माणूस तयार व्हायला आयुष्यातली बरीच वर्षं जातात, आणि त्याला बिदागी काय मिळते ती सांगायला लाज वाटते.

अजून एक मनातलं सांगतो. शहरातल्या एका महोत्सवाला आमच्या गावच्या मंडळींना बोलावलं होतं. नाव लिहीत नाही. दहा मिनिटं दिली. गणपती निघून सरस्वती यायच्या आत आयोजक म्हणाले, सगळे मुखवटे एकदम स्टेजवर आणा, लोकांना फोटो हवाय. राम, रावण, वेताळ आणि देवी एका ओळीत उभे केले. आमचे पुजारीबाबा खाली बसून होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. देवी अशी कुणाच्याही बरोबर निघत नाही. तिच्या आधीची सगळी रात्र जावी लागते. परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही.

रंगसूत्र

सुरगाणकर, वाचून वाईट वाटलं. मी नाटकातला माणूस आहे, म्हणून एक जोडून सांगतो. गणपती आणि मागोमाग मोरावरची सरस्वती, हा क्रम फक्त बोहाड्यात नाही. कोकणातल्या दशावतारात आहे. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, ज्याच्यावरून आपण 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळतो, त्या भाव्यांच्या खेळांतही सूत्रधार आणि विदूषकानंतर गणपती यायचा आणि मोरावर बसून सरस्वती. भाव्यांनी खेळ करायला घेतला तो कर्नाटकातल्या कर्कीच्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीत झाल्यानंतर. म्हणजे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, उत्तर कानड्यापासून डांगापर्यंत, रात्रीच्या खेळाची सुरुवात कशी करायची याबद्दल लोकांचं एकमत होतं. आपण मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना सांगलीपासून सुरुवात करतो. मोखाड्याच्या वाटेवर मशालीच्या उजेडात नाचणारी सरस्वती त्या इतिहासात पहिल्या पानावर यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

एक शंका. देवी, त्राटिका, सरस्वती ही सोंगं पुरुषच घेतात का? बायकांचा वाटा काय?

वेंगुर्लेकर

रंगसूत्र म्हणतात ते खरं. आमच्या दशावतारात नटाच्या चेहऱ्यावर रंग असतो, मुखवटा नाही. पण गणपती मात्र मुखवटा लावूनच येतो, सोबत रिद्धी-सिद्धी. मग सरस्वती. मग संकासुर येतो, अंगभर काळा, तोंडावर काळा मुखवटा, वेद चोरून नेलेला, आणि विष्णू त्याला मारून वेद परत आणतो. याला आडदशावतार म्हणतात. त्यानंतर आख्यान. लहानपणी जत्रेत आई सांगायची, "संकासुर इलो काय माका उठय", आणि तो येईपर्यंत आम्ही मांडीवर झोपून जायचो.

हल्ली वेळ नाही म्हणून कितीतरी ठिकाणी आडदशावतार आटोपता घेतात, थेट आख्यानाला हात घालतात. लोकांना युद्ध आणि ट्रिकसीन हवे असतात. जे मुखवट्याचं होतं तेच आधी कापलं जातं, हे तुमच्या धाग्याशी जुळतं म्हणून लिहिलं.

वर रत्नागिरी, गुहागरकडे संकासुर शिमग्यात दारोदार फिरतो. काळे कपडे, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो घरी आला की लहान मुलांना त्याच्या पायांवर घालतात. वेद चोरणारा असुर आणि पायांवर मूल घालायचं, हे बाहेरच्यांना विचित्र वाटेल. आमच्याकडे संकासुर अंगणात आला नाही तर शिमगा झाला असं कुणी म्हणणार नाही.

दाभोसा

वेंगुर्लेकर, हेच आमच्याकडे रावणाचं. रावण नाचून आला की म्हातारी माणसंसुद्धा हात जोडतात. देव आणि दैत्य दोन्ही गावातच राहतात, दोन्हींची पूजा होते, मुखवटे एकाच मांडवात शेजारी ठेवलेले असतात.

रंगसूत्र, सोंगं पुरुषच घेतात, देवीचंसुद्धा. पण बायकांशिवाय बोहाडा होतो असं समजू नका. मुखवट्याची पूजा घरातली बाई करते. जगदंबा निघाली की बाया पंचारत्या घेऊन वाटेत येतात, ती थांबते, ओवाळून घेते, कुणी तान्हं मूल तिच्या पायांशी ठेवतं, कुणी नवसाचं लुगडं देतं. त्यावेळी आतला माणूस कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. काल बैलांना पाणी पाजत होता तोच. तरी त्याला नावाने कुणी हाक मारत नाही, मुखवटा उतरेपर्यंत तो आई असतो. माझी आजी स्वतःच्या पुतण्याच्या पाया पडायची.

पुढे कधी मुलींनी सोंगं घ्यावीत असं मला वाटतं. मामांची धाकटी मुलगी घरात त्राटिकेची सगळी पावलं बिनचूक टाकते, भाऊ चुकला की त्याला सांगते. पण ते गावाने ठरवावं, बाहेरून कुणी सांगून होऊ नये.

साखळीचो

गोव्यातून राम राम. आमच्या साखळीला चैत्रात वीरभद्र निघतो. मुखवटा नसतो, पण पाठीला लाकडी प्रभावळ बांधलेली, दोन्ही हातांत तलवारी, ढोल-ताशांच्या ठेक्यावर गर्दीतून नाचत येतो आणि बाजूने माणसं त्याला सावरत असतात. ताईंनी लिहिलेली सोबत चालणारी दोन माणसं वाचून तेच आठवलं. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण त्यांनाही सगळा नाच पाठ असावा लागतो.

बोरीपाडा

पहिल्यांदाच इथे लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी पेठ तालुक्यातला, नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत कामाला आहे. आमच्या घरात मारुतीचं सोंग. वडिलांचे गुडघे गेले तेव्हापासून मी नाचतो.

सगळे मुखवट्यावर, संबळावर बोलले. माझ्यासारख्यांचं पण लिहितो. बोहाड्याची तारीख गावात बसून ठरते, कधीकधी आठ दिवस आधी. कंपनीत सुट्टी महिनाभर आधी सांगावी लागते. मी कंत्राटी, रजा टाकली की तेवढा पगार जातो, जास्त झालं तर नाव कापतात. गेल्या खेपेला रात्रपाळी बदलून मिळाली नाही. मग वडिलांनी देवीपुढे नारळ ठेवला, परवानगी मागितली आणि चुलतभाऊ माझ्या जागी नाचला. चांगला नाचला, सगळे म्हणतात. मी पाळीवर होतो, भावाने मध्यरात्री फोन लावून संबळ ऐकवला. मारुतीचा ठेका सुरू झाला तसे माझे पाय मशीनजवळ आपोआप हलायला लागले.

आमच्या पाड्यावरची चार-पाच सोंगं अशीच अडकलीत. मुखवटा घरात आहे, मान आहे, माणूस नाशकात किंवा वापीला आहे. त्यामुळे यंदा आम्ही पोरांनी गावच्या बैठकीत विनंती केली की पाडवा झाल्यावर लगेच तारीख ठरवा, म्हणजे सुट्टी मागता येईल. जुनी माणसं आधी तयार नव्हती, देवीचा कौल घेतल्याशिवाय तारीख कशी धरायची म्हणाले. मग पुजारीबाबांनीच तोड काढली, कौल लवकर घ्यायचा. आता शनिवार धरून मोठा बोहाडा ठरलाय.

सुरगाणकर

बोरीपाडा भाऊ, हे आमच्या गावातही मांडतो. लगेच मांडतो. तुमच्याकडच्या बैठकीत काय काय बोलणं झालं ते सविस्तर लिहा, म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांना सांगता येईल की शेजारच्या तालुक्यात असं झालंय.

रंगसूत्र

हेच मला वाटत होतं. आम्ही शहरातले लोक 'लोककला जगवा' म्हणून निधी गोळा करतो आणि तो मुखवट्यांच्या प्रदर्शनावर, पुस्तिकेवर खर्च करतो. तोच पैसा संबळवाल्यांच्या बिदागीत आणि बोरीपाडांसारख्यांच्या बुडालेल्या पगारात गेला तर? दाभोसाताई, असे पैसे दिलेले गावाला चालतात का, की अपमान वाटेल?

दाभोसा

वर्गणी म्हणून दिलेत तर चालतात, आनंदाने घेतात. बोहाडा वर्गणीवरच होतो, प्रत्येक घर ऐपतीप्रमाणे देतं, कुणी पैसे, कुणी तांदूळ, कुणी संबळवाल्यांचं जेवण. बाहेरून देणाऱ्याचंही नाव त्याच यादीत लागतं. फक्त मोबदल्यात बॅनर लावा, आमच्या पाहुण्यांसाठी सोंगं लवकर काढा, असं म्हणू नये. संबळवाल्यांसाठी द्यायचे असतील तर तसं स्पष्ट सांगा, वेगळे ठेवतात.

बोरीपाडा, तुझं वाचून आमच्या भावाला दाखवलं. तोही पालघरमधल्या वाडा तालुक्यात कंपनीत आहे, त्याचीही हीच ओढाताण. अजून लिहीत जा.

यंदा कुणाला यायचं असेल तर दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते. नाशकाहून त्र्यंबकमार्गे मोखाडा-जव्हारला एसटी आहे, पण रात्री परत यायला काही मिळणार नाही, त्यामुळे राहायच्या तयारीने या. सोंगं खरी रंगतात मध्यरात्रीनंतर. फोटो काढा, पण फ्लॅश मारू नका. त्या एवढ्याशा फटीतून बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तो पडू शकतो. नाचायच्या वाटेत उभं राहू नका. मांडवात ठेवलेल्या मुखवट्यांना हात लावायचा असेल तर विचारा, चपला बाहेर काढा. आणि देवी निघाली की बसून राहू नका, उठा.

मनमोकळी

मी आणि माझी बहीण येतोय. मुखवट्याचा फोटो खाली टाकलाय. लाल चेहरा, सुळे, कपाळावर पांढरे तीन पट्टे, आतून बघायची फट आहे आणि दोरीची भोकंही आहेत. आता त्याचीच काळजी वाटतेय.

सुरगाणकर

फोटो पाहिला. आमच्याकडचा वेताळ असा असतो, पण पट्टे वेगळे. कड घासलेली दिसतेय, म्हणजे नाचलेला असण्याची शक्यता आहे. ताई, तुम्ही ओळखता का?

दाभोसा

मलाही वेताळच वाटतोय. पट्ट्यांवरून मोखाड्याच्या बाजूचा वाटतो, पण खात्रीने रामखिंडीचे कारागीरच सांगू शकतील, ते रंगाचा हात ओळखतात. मनमोकळी, येताना मुखवटा कापडात गुंडाळून सोबत आणा. आधी जव्हारला उतरू, त्यांना दाखवू. कुठल्या गावाचा ते कळलं तर त्या गावात बोहाड्याआधी पोचता येईल असं बघते. मला खासगी निरोप पाठवून फोन नंबर कळवा.